पावणेसहाला उघडलेलं दार

सकाळचे सात वाजून चार मिनिटं झाली होती. जनावरांच्या लसींच्या कोठाराचं लोखंडी गेट उघडून चार मिनिटं उलटली होती आणि टाइमकीपर केबिनमधल्या काळ्या पडद्यासमोर वाकून दोन बोटांनी आकडे बडवत होता. मनगटावरचं घड्याळ त्याने काढून कीबोर्डशेजारी ठेवलं होतं. पडद्यावर नऊ वाजून चौतीस मिनिटं दिसत होती, ती त्याला सात वाजून पाच करायची होती. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत तो थांबला, मग शेवटचं बटण दाबलं आणि घड्याळ परत मनगटावर चढवलं. हे मशीन रोज सकाळी थाप मारायचं आणि तो रोज सकाळी त्याचा कान पिरगळून त्याला वठणीवर आणायचा.

वय चौपन्न, नोकरीला सव्वीस वर्षं. कोठारातले लोक त्याला पाठीमागे मिनिटकाका म्हणत आणि हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याला ठाऊक नसलेलं कोठारात फारसं काही नव्हतं. कार्ड पंच करायच्या काळात त्याने एका पॅकरला पकडलं होतं. तो गडी स्वतःबरोबर दोन मित्रांचीही कार्डं पंच करायचा. तिन्ही कार्डांवरची भोकं डावीकडे सारखीच कललेली आहेत, एवढ्यावरून टाइमकीपरच्या मनात पाल चुकचुकली होती. एका ड्रायव्हरने हातातलं घड्याळ दहा मिनिटं मागे लावून वाद घातला, तेव्हा त्याने त्या घड्याळाचा पट्टा उलटा करून खालच्या कातडीवरचा घामाचा डाग भलत्याच भोकापाशी असल्याचं बघितलं आणि घड्याळ आजच कोणाकडून तरी मागून आणलंय हे सांगून टाकलं. माणूस उशीर करतो आणि घड्याळावर ढकलतो, हे त्याच्या नोकरीचं सार होतं. विश्वास फक्त एकावर, मनगटावरच्या घड्याळावर. तेही रोज संध्याकाळी रेडिओच्या ठोक्याला लावून बघितल्याशिवाय नाही.

अकरा आठवड्यांपूर्वी मुख्य कार्यालयाने ते मशीन पाठवलं. शीतगृहाचं तापमान आणि शीतगृहाचं दार, दोन्हींच्या तारा त्याला जोडलेल्या. दार उघडलं की वेळ नोंदली जायची, आणि दिवसाच्या सगळ्या नोंदी मध्यरात्री आपोआप मुख्य कार्यालयाकडे जायच्या. त्याच वेळी मशीन तिथल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घ्यायचं. बसवायला आलेला माणूस दोन तासांत काम उरकून गेला आणि जाताना प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद टेबलावर चिकटवून गेला. त्यावर चार ओळी होत्या. पहिली मशीन चालू आहे का बघायची, दुसरी ते बंद करून परत सुरू करायची, तिसरी दाराच्या नोंदी बघायची, चौथी घड्याळ लावायची. दुसऱ्या दिवशी मशीन अडीच तास पुढे असलेलं टाइमकीपरने पाहिलं आणि चौथी ओळ वापरली. तिसऱ्या दिवशी ते परत अडीच तास पुढे. कोणाला सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. घड्याळ लावायला टाइमकीपर परवानगी मागायला लागला तर मग तो टाइमकीपर कसला?

शीतगृहाची किल्ली होती धाकटीकडे. धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची लहान बहीण. घरात बायको थोरली, ही धाकटी, आणि कोठारातही तेच नाव पडलेलं. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ती इथे कंत्राटावर लागली, तीही टाइमकीपरच्या शब्दावर. सकाळी सव्वाआठला ती शीतगृह उघडायची, बर्फाच्या पेट्यांत लसी भरून तीन गाड्या रवाना करायची, आणि दुपारी अडीचला परत आलेल्या पेट्या आत ठेवायची. काम चोख. एक तारखेला तिला कायम करण्याचा कागद निघणार होता.

सोमवारी अकरा वाजता मुख्य कार्यालयाचा तपासनीस आला. बारीक अंगाचा, बोलण्याआधी पेनाचं टोपण काढणारा माणूस. त्याने धाकटीला न बोलावता आधी केबिनचं दार लावून घेतलं आणि टेबलावर कागद पसरले. अकरा आठवड्यांत एकोणसाठ दिवस शीतगृहाचं दार पहाटे पावणेसहाला उघडलं होतं.

टाइमकीपर म्हणाला, गेट सातला उघडतं. तपासनीस म्हणाला, म्हणूनच तर आलोय. गेटच्या किल्ल्या दोनच, एक टाइमकीपरच्या घरी, दुसरी मुख्य कार्यालयात लाखेच्या सीलमध्ये. शीतगृहाच्याही दोनच, एक धाकटीकडे, दुसरी त्याच सीलबंद पाकिटात.

टाइमकीपरने तिसरी ओळ टाइप करून दाखवली. पडद्यावर आज सव्वाआठ, शनिवारी सव्वाआठ, शुक्रवारी सव्वाआठ. तपासनीसाने पडद्याकडे बघितलंही नाही. हे मशीन तुमच्या टेबलावर आहे, म्हणाला, इथे काय दिसावं ते तुमच्या हातात आहे. माझ्याकडे पोचलेले आकडे माझ्या हातात आहेत.

साठा मोजला तर एक बाटलीही कमी नव्हती. टाइमकीपरला जरा हायसं वाटलं, पण तपासनीसाचा चेहरा आणखी आंबट झाला. एकोणसाठ वेळा दार उघडतं आणि काही जात नाही, तर मग आत काय येतं? बाटल्या तेवढ्याच राहतात आणि औषध बदलतं, असंही असू शकतं की नाही? हा विचार टाइमकीपरला स्वतःला सुचायला हवा होता. सुचला नाही म्हणून त्याला त्या माणसाबद्दल थोडा आदरच वाटला.

"ती तुमची कोण लागते?" तपासनीसाने विचारलं.

"मेहुणी."

"राहते कुठे?"

"आमच्या मागच्याच गल्लीत."

तपासनीसाने एवढंच लिहून घेतलं. गुरुवारपर्यंत समाधानकारक खुलासा मिळाला नाही तर शीतगृहाची किल्ली काढून घेणार आणि चौकशी लावणार, असं त्याने जाताना सांगितलं. चौकशी लागली की एक तारखेचा कागद निघत नाही, हे सांगायची गरज नव्हती.

दिवसभर टाइमकीपर धाकटीकडे बघत राहिला. ती नेहमीसारखीच होती, आणि हेच त्याला खटकू लागलं. पेट्यांचे पट्टे आवळताना ती गुणगुणत होती. एवढ्या थंडीत काम करून कोणी गुणगुणतं का? ड्रायव्हरशी हसून बोलली. कोणत्या ड्रायव्हरशी, ते त्याने डायरीत टिपून ठेवलं.

मुळात घोडं पेंड खात होतं गेटच्या किल्लीपाशी. ती किल्ली त्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असायची. तो उठायचा सहाला. बायको उठायची साडेचारला. मधला दीड तास ती किल्ली कोणाच्या हाती असते, हे सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने कधी बघितलं नव्हतं. आणि दोघी बहिणी म्हणजे एका माळेचे मणी. संध्याकाळी बायको दळण आणायला गेली तेव्हा त्याने किल्लीच्या कडीतून शिवणाचा काळा दोरा ओवला आणि खिळ्याला एकदाच अडकवला, गाठ न मारता. किल्ली काढली की दोरा पडणार.

मंगळवारी सकाळी दोरा नव्हता.

तो चहा न पिता उभाच राहिला. बायकोने कप पुढे केला आणि दुसऱ्या हाताने पदराच्या टोकाला गुंडाळलेला दोरा काढून त्याच्यासमोर धरला.

"हा तुमचा का?" ती म्हणाली. "खिळा पुसताना हातात आला. दर मंगळवारी मी ते दार पुसते. तुम्हाला सत्तावीस वर्षांत दार दिसलं नाही, खिळा तेवढा दिसला."

त्याने सगळं सांगितलं नाही, पण तिला सगळं कळलं. ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली की धाकटीला पहाटे उठवायला आजवर कोणाला जमलेलं नाही, शाळेत असताना आई तिच्या तोंडावर पाणी मारायची. मग भांडी घासायला लागली, आणि त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

तरी शंका गेली नाही, फक्त जागा बदलून बसली. घरची किल्ली नसेल तर नकली असेल. साबणावर छाप घेऊन किल्ली बनवणारे त्याने ऐकले होते. बुधवारी तो पहाटे पावणेपाचला कोठारासमोरच्या बंद टपरीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला, गेटची किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन. पाच वाजले. एक कुत्रं आलं, त्याचे पाय हुंगून गेलं. पावणेसहाला त्याने घड्याळावरून नजर उचलून गेटकडे लावली आणि डोळ्याची पापणी लवू दिली नाही. कुलूप हललं नाही. सहाला पेपर टाकणारा सायकलवरून गेला आणि पुढे जाऊनही दोनदा वळून बघत राहिला. सातला टाइमकीपरने स्वतःच गेट उघडलं, मशीनचं घड्याळ अडीच तास मागे घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याला धाकटीबद्दल चांगलं वाटलं. आठ दहाला ती आली तेव्हा तो तिच्याशी आपणहून दोन शब्द बोलला. तिला आश्चर्य वाटलेलं त्याला दिसलं. आश्चर्य का वाटावं, हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेलाच.

गुरुवारी अकराला तपासनीस परत आला. या वेळी त्याने धाकटीलाही केबिनमध्ये बसवलं. सोमवारपासून आणखी तीन दिवस, तीन वेळा. कालसुद्धा, पावणेसहाला.

"काल पावणेसहाला मी स्वतः गेटसमोर उभा होतो," टाइमकीपर बोलून गेला.

तपासनीसाने पेनाचं टोपण काढलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली तारीख घातली. टाइमकीपरला तेव्हा कळलं की आपण साक्ष द्यायला गेलो आणि कबुली देऊन बसलो.

तपासनीसाने मग शेवटचा कागद पुढे सरकवला. अकरा आठवड्यांत सात दिवस असे होते की दार बरोबर सव्वाआठला उघडलं होतं. चार दिवस टाइमकीपर पुतणीच्या लग्नाला गेला होता. तीन दिवस तो तापाने घरी होता. त्या सातही दिवशी गेट उघडलं होतं ते तेवढ्या दिवसांपुरती किल्ली दिलेल्या, एरवी फक्त दिवसा असणाऱ्या रखवालदाराने, वेळेवर सातला, आणि सातही दिवशी शीतगृह सव्वाआठला. तुम्ही असता तेव्हा पावणेसहा, नसता तेव्हा सव्वाआठ, तपासनीस म्हणाला, यात मी काय समजायचं ते तुम्हीच सांगा.

सव्वीस वर्षं त्याने ज्या नजरेने लोकांकडे बघितलं ती नजर आता टेबलाच्या पलीकडून त्याच्याकडे येत होती, आणि ती चुकीची आहे असंही त्याला म्हणता येईना. तपासनीसाच्या जागी तो असता तर त्यानेही हेच समजलं असतं.

धाकटीने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तपासनीसाने ती पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, दोघांच्या सह्या घेतल्या. दुपारी परत येणाऱ्या पेट्या शेजारच्या कोठारात ठेवायला सांगितल्या आणि तो बाराच्या गाडीने निघून गेला.

धाकटी गेली नाही. ती खुर्चीत बसून राहिली, हाताची घडी घालून.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी चोर नाही हे मला माहीत आहे. तुम्ही चोर असाल एवढी तुमच्यात धमक नाही. मग तुम्ही असताना इथे असं काय होतं जे तुम्ही नसताना होत नाही?"

त्याला राग आला, पण प्रश्न बिनतोड होता. ती म्हणाली, सकाळी आल्यापासून काय काय करता ते ओळीने सांगा, गाळू नका. त्याने सांगितलं. कुलूप, दिवा, हजेरीपत्रक, झाडूवालीला हाक, मशीनचं घड्याळ.

"मशीनच्या घड्याळाचं काय करता?"

"अडीच तास पुढे असतं. मागे घेतो."

"रखवालदार घेतो का?"

रखवालदार त्या मशीनकडे बघतही नव्हता. त्याला भिंतीवरचं घड्याळ पुरायचं.

"सव्वाआठातून अडीच तास गेले की किती?" धाकटीने विचारलं.

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला की पण मी ते बरोबर करतो. मी लावल्यावर मशीन खरी वेळ दाखवतं, सगळ्या जगाने माझ्या घड्याळाशी ताडून बघावं. बरोबर घड्याळातून चुकीची वेळ कशी जाईल? हे धाकटीलाही सांगता येईना. तिने मशीनच्या पाठीवर चिकटवलेला नंबर वाचला आणि मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागाला फोन लावला; तो लागेपर्यंत साडेतीन वाजून गेले.

फोनवर एक तरुण बाई आली. ती टाइमकीपरला काका म्हणाली, आणि अनोळखी माणसाने काका म्हटलं की त्याचा हात खिशावर जायचा. तिने एक शब्द टाइप करायला सांगितला. का, हे त्याने आधी विचारलं. याने काही पुसलं तर जात नाही ना? ती म्हणाली, नाही काका, हा नुसता विचारणारा शब्द आहे, बदलणारा नाही. त्याने तरीही शब्द आधी कागदावर लिहून घेतला, वेळ टाकली, धाकटीची सही घेतली. मग टाइप केला: date.

पडद्यावर वार आला, तारीख आली, तीन वाजून बेचाळीस मिनिटं आली. मनगटावरही तीन बेचाळीस होते. त्याने धाकटीकडे विजयाने बघितलं.

"वेळेच्या पुढे काही अक्षरं आहेत का?" बाईने विचारलं.

होती. तीन अक्षरं. ती त्याने अकरा आठवडे रोज बघितली होती आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीची खूण असावी असं समजून सोडून दिली होती. त्याने ती वाचून दाखवली. मग तिने दुसरा शब्द एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावला, timedatectl. तो लांब होता आणि टाइमकीपरचा दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी धाकटीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

पाचसहा ओळी उमटल्या. त्यातली एक टाइम झोनची होती, आणि तिच्यासमोर एका शहराचं नाव होतं. दूर पूर्वेकडचं शहर. टाइमकीपरने ते नकाशातसुद्धा कधी शोधलं नव्हतं. मशीन तिथल्या कारखान्यात जोडलं गेलं होतं आणि बसवणाऱ्याने ते तसंच इथे आणून लावलं होतं.

"काका, तुमचं मशीन स्वतःला अजून त्याच गावात समजतंय," बाई म्हणाली. "तिथे आपल्यापेक्षा अडीच तास आधी दिवस उगवतो. म्हणून ते अडीच तास पुढे दिसायचं. ते खोटं बोलत नव्हतं, त्याच्या गावची खरी वेळ सांगत होतं. बदलायचं होतं गाव, तुम्ही बदललेत काटे."

पुढचं तिने सावकाश समजावलं. टाइमकीपरने लावलेल्या काट्यांत आठ पंधरा वाजले की मशीन म्हणायचं, आमच्या गावात आठ पंधरा झाले. मुख्य कार्यालयाचं मशीन ते वाचून हिशोब करायचं की त्या गावात आठ पंधरा म्हणजे आपल्याकडे पाच पंचेचाळीस. तो रजेवर असला की काटे जागच्या जागी राहायचे, मशीन दहा पंचेचाळीस नोंदवायचं, आणि मुख्य कार्यालयात त्याचे बरोबर आठ पंधरा व्हायचे. दुपारचं अडीचचं दारही असंच बाराला उघडत होतं, पण दिवसाउजेडी उघडलेल्या दाराची चौकशी कोण करतो?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. टाइमकीपरने पुन्हा एकदा सगळं मनाशी पडताळून बघितलं, कुठे फट सापडते का म्हणून. सापडली नाही. एकोणसाठ अधिक तीन, बासष्ट वेळा पहाटेचं ते दार त्याने स्वतःच्या दोन बोटांनी उघडलं होतं.

बाईने आणखी एक ओळ सांगितली, गाव बदलणारी. धाकटीने ती टाइप केली, शेवटी त्यांच्या स्वतःच्या वेळेचं शहर घातलं. पडद्यावर एक वाजून एकोणीस मिनिटं आली. टाइमकीपरचा हात आपोआप कीबोर्डकडे गेला. धाकटीने तो वरच्या वर धरला.

"हात लावू नका आता," फोनमधून आवाज आला, जणू तिला दिसत होतं. सकाळी काढून घेतलेले अडीच तास मशीनला परत मिळायचे होते, ते तिने तिकडून दिले. तीन वाजून पन्नास झाले. टाइमकीपरने मनगटाशी ताडून बघितलं. बावीस सेकंदांचा फरक होता. मुख्य कार्यालयाचं घड्याळ बावीस सेकंद मागे असावं, असं तो म्हणाला. धाकटीने फोन ठेवून दिला.

पाचला तपासनीसाचा फोन आला. संगणक विभागाची टीप मिळाली, चौकशी लावत नाही, एक तारखेचा कागद एक तारखेलाच निघेल. माफीचा शब्द नव्हता, आणि टाइमकीपरने तो अपेक्षितही केला नव्हता. सव्वीस वर्षांत त्यानेही कोणाला दिलेला नव्हता. मशीनचं घड्याळ परवानगीशिवाय बासष्ट दिवस का बदललं याचा लेखी खुलासा मात्र त्याच्याकडून हवा होता. तो त्याने तिथेच बसून लिहिला, साडेचार ओळींचा, खाडाखोड न करता.

धाकटी पिशवी उचलून निघाली आणि दाराशी थांबली.

"किल्लीला दोरा बांधला होतात म्हणे."

ताई सांगणार हे त्याला माहीत असायला हवं होतं. "हो," तो म्हणाला.

"संशय माझ्यावर होता की ताईवर?"

"दोघींवर."

तिने जरा विचार केला. "मग दोघींची वेगवेगळी समजूत काढावी लागेल," ती म्हणाली. "एकीत भागणार नाही. आणि माझी लवकर निघणारी नाही, ते आत्ताच सांगून ठेवते."

ती गेल्यावर त्याने तिन्ही ड्रायव्हरांना फोन केले. शीतगृहाची किल्ली तपासनीसाबरोबर मुख्य कार्यालयात गेली होती. तिकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीशिवाय ती येण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि ती गाडी कोठारापाशी दहा चाळीसला पोचते. त्याने गेटशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलं: उद्या शुक्रवार. गेट सातला. शीतगृह पावणेअकराला उघडेल. गाड्यांनी अकरानंतर यावं.